ऋतुनिवृत्तीची खूण

अलिबागच्या किनाऱ्यावर उभें राहून पाण्यांतील कुलाबा किल्ल्याकडे पाहणाऱ्या प्रवाशाचें लक्ष त्याच गांवांतील एका दुसऱ्या वास्तूकडे क्वचितच जातें. ती म्हणजे तेथील चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाबा भागांत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्याचें काम चाललें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें ठरलें, आणि वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांच्यापुढें एक पेंच उभा राहिला. विजेचा प्रवाह जवळून वाहूं लागला म्हणजे सुई हलणार. पण ती पृथ्वीमुळें हलली कीं ट्रामगाडीमुळें, हें मात्र कोणासहि सांगतां येणार नाहीं. सुई खोटें बोलत नाहीं. पण ती कोणाबद्दल बोलते आहे हें कळेनासें होतें. यासाठीं चुंबकीय वेधांचें काम अलिबागेस हलविण्यांत आलें, आणि १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं जोडीनें वेध घेऊन मगच जुन्या जागेवरील काम थांबविलें गेलें.

या गोष्टीचें स्मरण येथें करण्याचें कारण असें कीं, स्त्रीच्या शरीरांतहि एक सुई आहे, आणि गेल्या साठपासष्ट वर्षांत तिच्या शेजारूनहि एक नवा प्रवाह वाहूं लागला आहे. मासिक ऋतु ही ती सुई, आणि संततिनियमनासाठीं घेतलेलीं संप्रेरकें हा तो प्रवाह. चाळिशी ओलांडलेली जी स्त्री रोज गोळी घेते, अगर दर तीन महिन्यांनीं इंजेक्शन घेते, तिची ऋतुनिवृत्ति झाली कीं नाहीं, हें तिनें ओळखावें कसें? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर एका बाजूस उतारवयांतील अनपेक्षित गरोदरपण आणि दुसऱ्या बाजूस निष्कारण घेतलेलें औषध, अशा दोन संकटांचें टळणें किंवा न टळणें अवलंबून असतें. हा प्रश्न उत्पन्न कसा झाला, याचा इतिहास पाहिल्यावांचून त्याचें उत्तर नीट उमगत नाहीं.

पूर्वीच्या काळीं ही खूण ओळखण्यांत फारशी अडचण नव्हती. रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या किनाऱ्यावर, अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा गांवांतून, घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही बाब कोणा वैद्यास विचारावी लागत नसे. भाद्रपद शुद्ध पंचमीस स्त्रिया ऋषिपंचमीचें व्रत करीत. बैलाच्या श्रमाचें अन्न त्या दिवशीं वर्ज्य करून परसांतील भाज्या एकत्र शिजवीत. रजोकाळांत कळत नकळत घडलेल्या स्पर्शास्पर्शाच्या दोषांचें क्षालन हा त्या व्रताचा हेतु सांगितला जाई. विटाळ कायमचा गेला म्हणजे व्रताचें उद्यापन करावयाचें, अशी रीत होती. त्या रीतीमागील शुचि-अशुचीची कल्पना आज मान्य करण्याचें कारण नाहीं. तथापि उद्यापन केव्हां करावें, हा प्रश्न म्हणजे ऋतुनिवृत्ति झाली हें केव्हां मानावें, हाच प्रश्न होय. आणि घरच्या अनुभवी सासूचें किंवा आत्याबाईंचें उत्तर ठरलेलें असे: घाई करूं नये, चांगलें वर्षभर थांबावें, पुन्हा आलें नाहीं म्हणजे मग पाहावें.

शास्त्रकारांचें म्हणणेंहि याहून निराळें नाहीं. सुश्रुतसंहितेंत रजोदर्शनाचा आरंभ बाराव्या वर्षीं व क्षय पन्नासाव्या वर्षीं सांगितला आहे. युरोपांत या अवस्थेस आज रूढ असलेलें ‘मेनोपॉज’ हें नांव गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८२१ च्या सुमारास प्रचारांत आणलें. पुढें विसाव्या शतकांत जागतिक आरोग्य संघटनेनें जी व्याख्या स्वीकारली, ती अशी: अन्य कोणतेंहि कारण नसतां सलग बारा महिने ऋतु आला नाहीं, तर शेवटचा जो ऋतु आला होता ती ऋतुनिवृत्ति समजावी. म्हणजे हा क्षण घडत असतां कळत नाहीं. एक वर्ष लोटल्यावर मागें वळून पाहतांना कळतो. परसदारीं बसून सासूनें सांगितलेला नियम आणि जिनीव्हांत शास्त्रज्ञांनीं लिहिलेला नियम हे येथें एकमेकांस येऊन मिळतात. फरक आहे तो ‘अन्य कोणतेंहि कारण नसतां’ या चार शब्दांचा. पुढील सारी गुंतागुंत त्या चार शब्दांतून निघाली आहे.

भारतीय स्त्रियांची ऋतुनिवृत्ति सरासरीनें छेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होते, पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांची एक्कावन्नच्या सुमारास होते. पण सरासरी ही सर्वांची असते, कोणा एकीची नसते. कोणाचा ऋतु बेचाळिसाव्या वर्षीं थांबतो, कोणाचा त्रेपन्नाव्या वर्षीं. शिवाय तो दिवा फुंकर मारून विझवावा तसा थांबत नाहीं. आधीं कांहीं वर्षें तो अनियमित होतो. दोन महिने येत नाहीं, तिसऱ्या महिन्यांत भरपूर येतो. या मधल्या काळांत अंडाशयांतून एखादें बीज अवचित बाहेर पडतें, आणि ‘आतां काय होणार’ असें म्हणून निश्चिंत झालेल्या स्त्रीस दिवस जातात. वाढत्या वयांत गर्भपाताचा, रक्तदाबाचा व प्रसूतीच्या इतर उपद्रवांचा धोका वाढलेला असतो. थोरल्या मुलीचें बाळंतपण आणि आईचें बाळंतपण एकाच वर्षीं आल्याच्या गोष्टी जुन्या पिढीच्या आठवणींत ऐकूं येतात. त्या सांगतांना लोक हंसत असतील. पण ज्या स्त्रीवर तो प्रसंग आला तिला हंसूं आलें असेल असें नाहीं.

बाळंतपण म्हणजे मृत्यूचा दरवाजा, हें कोंकणानें फार जवळून पाहिलें आहे. या किनाऱ्यावर मुरूड नांवाचीं दोन गांवें प्रसिद्ध आहेत: एक जंजिऱ्याचें, रायगड जिल्ह्यांतील, दुसरें बाणकोटच्या खाडीपलीकडील, रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील. या दुसऱ्या मुरूडच्या कर्वे घराण्यांत १४ जानेवारी १८८२ रोजीं रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. १८९१ सालीं, रघुनाथराव नऊ वर्षांचे असतांना, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणांत वारल्या. पुढें गणिताचे प्राध्यापक झालेल्या या मुलानें आपलें सारें आयुष्य संततिनियमनाच्या प्रचारास वाहिलें. ज्याची आई अशा रीतीनें गेली, त्याच्या दृष्टीनें हा विषय पुस्तकी नव्हता, एवढें तरी सहज म्हणतां येईल.

१९२१ सालीं कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांचें केंद्र उघडलें तें त्याच वर्षीं. या कामांत पत्नी मालतीबाईंची त्यांस साथ होती. या मतांपायीं विल्सन कॉलेजांतील नोकरी त्यांस सोडावी लागली. पण त्यांनीं माघार घेतली नाहीं. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें. योगायोग असा कीं, मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तेंहि त्याच महिन्यांत, २३ तारखेस. एकाच शहरांत, एकाच महिन्यांत, घराघरांत पोंचणारीं दोन साधनें जन्मास आलीं; परंतु एकावरून जें बोलतां येत नव्हतें तें दुसऱ्यांत छापलें जाऊं लागलें. त्याबद्दल कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेलीं उत्तरें हा आक्षेपाचा विषय होता, आणि त्यांच्या बाजूनें न्यायालयांत उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मनुष्य आपल्या शरीराविषयीं प्रश्न विचारूं शकतो आणि त्याला जाणकारानें खरें उत्तर दिलें पाहिजे, हें तत्त्व त्या खटल्यांत पणास लागलें होतें. खटला हरला, तत्त्व हरलें नाहीं.

मागाहून १९३८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनाच्या प्रसारासाठीं सरकारनें पुढाकार घ्यावा असा प्रस्ताव आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनीं मांडला; तो फेटाळला गेला. परंतु काळ कोणासाठीं थांबत नाहीं. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेंत कुटुंबनियोजनासाठीं ६५ लक्ष रुपयांची तरतूद झाली, आणि भारत हा अशा प्रकारचें राष्ट्रीय धोरण स्वीकारणारा जगांतील पहिला देश ठरला. त्या वेळीं अर्थमंत्रिपदावर होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे रायगड किल्ल्याच्या पायथ्याच्या मुलुखांतील, महाडनजीकच्या नाते गांवीं जन्मलेले. त्यांचीहि जन्मतारीख १४ जानेवारी, साल १८९६. एकाच जन्मतिथीच्या या दोन कोंकणी पुरुषांपैकीं एकानें ज्या विचारासाठीं दंड भरला, त्या विचारासाठीं दुसऱ्याच्या कारकीर्दींत सरकारी तिजोरी उघडली गेली.

कर्वे यांनीं ज्या साधनांचा प्रचार केला, तीं शरीराच्या बाहेरून अडथळा करणारीं होतीं: रबराची टोपी, औषधी वड्या, स्पंज. त्यांनीं ऋतुचक्रास धक्का लागत नसे. तीं वापरणाऱ्या स्त्रीचा ऋतु थांबला तर तो निसर्गानेंच थांबविलेला असे, आणि ती खुशाल बारा महिने मोजीत बसूं शके. हीच गोष्ट पुढें सर्वत्र पसरलेल्या स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रियेची. या शस्त्रक्रियेंत बीजवाहिनी बंद केली जाते. अंडाशय जागच्या जागीं काम करीत राहतो. ऑपरेशनानें पाळी लवकर जाते असा समज खेड्यापाड्यांतून आढळतो, पण त्यास आधार नाहीं. महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं हाच मार्ग पत्करलेला असल्यामुळें त्यांच्यापुरती जुनी खूण अजूनहि शाबूत आहे. तांबी बसविलेल्या स्त्रियांचीहि तीच स्थिति. तांबीनें रक्तस्राव वाढेल, परंतु अंडाशयाचें काम थांबणार नाहीं.

गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची गोष्ट मात्र उलट आहे. अंडाशय राखून नुसता गर्भाशय काढला, तर पाळी त्याच दिवशीं संपते, पण ऋतुनिवृत्ति त्या दिवशीं होतेच असें नाहीं. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी शासनास करावी लागली, तेव्हां ही गोष्ट महाराष्ट्राच्या ध्यानांत नव्यानें आली. रक्त न येणें आणि ऋतुनिवृत्ति होणें, या दोन निरनिराळ्या घटना आहेत. शतकानुशतकें त्या बरोबर चालल्या म्हणून एकच वाटत होत्या, इतकेंच.

त्यांची ही जोडी खऱ्या अर्थानें फोडली ती संप्रेरकांच्या शोधानें. १९२९ मध्यें स्त्रीसंप्रेरकांपैकीं एक पदार्थ शुद्ध स्वरूपांत हातीं आला. १९३४ मध्यें प्रोजेस्टेरॉन मिळालें. दरम्यान, १९३१ मध्यें, मेंदूच्या तळाशीं असलेल्या पियुषिका ग्रंथींतून अंडाशयास आज्ञा देणारीं दोन वेगवेगळीं संप्रेरकें निघतात हें अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. त्यांतील बीजकोश वाढविणाऱ्या संप्रेरकास वैद्य संक्षेपानें ‘एफएसएच’ म्हणतात. या दोन ठिकाणांचा संबंध मालक आणि कारागीर यांच्यासारखा आहे. कारागीर काम देत असला म्हणजे मालक हळू बोलतो. कारागीर थकला म्हणजे मालकाचा आवाज चढत जातो. अंडाशय थकला कीं पियुषिकेची हांक वाढते, म्हणजेच रक्तांतील एफएसएच वाढतें. ऋतुनिवृत्तीची ही शरीराच्या आंतली खूण होय.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजीं मेक्सिको शहरांतील एका प्रयोगशाळेंत कार्ल जेरासी यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या लुईस मिरामोंतेस या तरुणानें तोंडानें घेतां येईल असें कृत्रिम संप्रेरक तयार केलें. त्यानंतर दोन वर्षें पुरीं होण्यास एक दिवस असतां, १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं, रघुनाथराव कर्वे वारले. ज्या गोळीनें त्यांचें स्वप्न जगभर पोंचावयाचें होतें, ती त्यांस पाहावयास मिळाली नाहीं. अमेरिकेंत १९५७ सालीं ही गोळी पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून, आणि १९६० सालीं संततिनियमनासाठीं मान्य झाली.

या गोळीची युक्ति अशी कीं, तिच्यांतील संप्रेरकांमुळें पियुषिका गप्प बसते आणि बीज सुटत नाहीं. एकवीस दिवस गोळी घ्यावयाची व सात दिवस थांबावयाचें, अशी तिची मांडणी ठरली. त्या सात दिवसांत संप्रेरक तुटल्यामुळें गर्भाशयाचें अस्तर गळतें व रक्तस्राव होतो. शरीराच्या गरजेपेक्षां स्त्रीच्या मनाच्या समाधानासाठीं, महिन्याचा नेहमीचा क्रम राहावा म्हणून, ही योजना होती. भारतांत सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळणारी ‘माला-एन’ याच जातीची. तिच्या पाकिटांत अठ्ठावीस गोळ्या असतात. पहिल्या एकवीस संप्रेरकाच्या, व उरलेल्या सात लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत जो स्राव होतो, त्यास घरोघर पाळीच म्हणतात. पण ती पाळी नव्हे, पाळीची नक्कल आहे. अंडाशय पूर्ण विसावला असला, तरी गोळीच्या जोरावर ही नक्कल महिन्याच्या महिन्याला येतच राहते. अंगावर येणाऱ्या उष्णतेच्या लाटा, रात्रीचा घाम, हीं ऋतुनिवृत्तीचीं दुसरीं लक्षणेंहि त्याच गोळीनें झांकलीं जातात.

इंजेक्शनाचा प्रकार याच्या नेमका विरुद्ध. दर तीन महिन्यांनीं घ्यावयाचें १५० मिलिग्रॅमचें इंजेक्शन २०१७ पासून ‘अंतरा’ या नांवानें राष्ट्रीय कार्यक्रमांत दिलें जाऊं लागलें. तें घेणाऱ्या पुष्कळ स्त्रियांची पाळी आधीं अनियमित होते आणि वर्षभरांत कित्येकींची थांबते. संप्रेरकयुक्त साधन गर्भाशयांत बसविलें असतांहि असेंच घडतें. येथें नक्कल पाळीची नाहीं, ऋतुनिवृत्तीची आहे. भारतांत इंजेक्शनाचा मार्ग वादावांचून आला नाहीं. १९८६ सालीं ‘नेट-एन’ या तत्सम इंजेक्शनाच्या प्रयोगांविरुद्ध स्त्रियांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयांत गेल्या होत्या. ज्या स्त्रीवर औषधाचा प्रयोग होतो तिला पुरी माहिती दिली जात नाहीं, ही त्यांची मुख्य तक्रार. ती तक्रार एका औषधापुरती नव्हती. जी स्त्री आपल्या पाळीवरून आपल्या शरीराचा हिशेब ठेवते, तिचा तो हिशेब बदलणार असेल, तर तें तिला आधीं सांगितलें पाहिजे, हें त्यामागील न्याय्य म्हणणें होतें.

आतां रेवदंड्याच्या बाजारांत मासळी घेऊन बसणारी सत्तेचाळीस वर्षांची एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. ती ‘अंतरा’ घेते, आणि वर्षभर तिला पाळी नाहीं. शेजारीण म्हणते, ‘वहिनी, आतां तुमचें गेलें, कशाला सुई टोचून घेतां?’ तिची नणंद गोळ्या घेते. तिला एकोणपन्नासाव्या वर्षींहि ठरल्या दिवशीं रक्त दिसतें. ती म्हणते, ‘माझें अजून चालूच आहे.’ दोघींच्याहि बोलण्यांत अप्रामाणिकपणा नाहीं. पण पहिली जी निवृत्ति समजते ती कदाचित् निवृत्ति नाहीं. आणि दुसरी जी पाळी समजते ती तर निश्चितच पाळी नाहीं. दोघींच्या सुया ट्रामगाडीच्या शेजारीं आहेत.

अशा वेळीं रक्त तपासून निकाल लावावा, असें सुशिक्षितांस वाटतें. रक्तांतील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची रीत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं १९५९ च्या सुमारास शोधून काढली. त्यासाठीं यॅलो यांस १९७७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या रीतीमुळें व तिच्या पुढील सुधारणांमुळें एफएसएच मोजणें आज तालुक्याच्या गांवींहि अवघड राहिलेलें नाहीं. परंतु मोजमाप सोपें झालें म्हणून अर्थ सोपा होत नाहीं. मिश्र गोळी घेणाऱ्या स्त्रीची पियुषिका गोळीनेंच गप्प बसविलेली असते. तिचें एफएसएच कमी आलें तर त्यावरून अंडाशय तरुण आहे असें ठरत नाहीं. सात दिवसांच्या खंडांत रक्त घेतलें तरी तो आंकडा भरंवशाचा नसतो. शिवाय निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत हें संप्रेरक एका महिन्यांत चढतें आणि दुसऱ्या महिन्यांत उतरतें. तेव्हां एकदां चढलेला आंकडा म्हणजे शेवटचा निर्णय नव्हे.

मग करावें काय? ब्रिटनमधील या शाखेच्या तज्ज्ञ वैद्यांच्या संस्थेनें २०१७ सालीं जे नियम मांडले, ते येथें उपयोगी पडण्यासारखे आहेत. मिश्र गोळी पन्नाशीपर्यंतच घ्यावी आणि पुढें दुसरें साधन धरावें. कारण तिच्यांतील इस्ट्रोजेनमुळें रक्ताची गुठळी होण्याचा व पक्षाघाताचा धोका वयाबरोबर वाढत जातो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीनें पस्तिशीनंतरच ती सोडावी. रक्तदाब असणाऱ्या स्त्रीनें ती कोणत्याहि वयांत टाळावी. पन्नाशीनंतर इंजेक्शनाऐवजींहि दुसरें साधन धरणें बरें, कारण दीर्घकाळ घेतलेल्या इंजेक्शनानें हाडांचें बळ कमी होतें. केवळ प्रोजेस्टेरॉनजातीच्या गोळ्या किंवा गर्भाशयांतील संप्रेरकयुक्त साधन वापरणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या आणि पाळी नसलेल्या स्त्रीचें एफएसएच तपासतां येतें. तें तीसच्या वर आलें, तर साधन आणखी एक वर्ष चालू ठेवून मग बंद करावें. ज्यांना तपासणी नको त्यांनीं पंचावन्नपर्यंत साधन चालू ठेवावें; त्यानंतर दिवस राहण्याची शक्यता नसल्यासारखीच असते.

ज्या स्त्रिया संप्रेरकें घेत नाहींत, त्यांच्यासाठीं हिशेब असा: पन्नाशीनंतर शेवटची पाळी आली असेल तर एक वर्ष, आणि पन्नाशीपूर्वीं आली असेल तर दोन वर्षें, काळजी घेत राहावें. हे आंकडे ज्या देशांत ठरले, तेथील स्त्रियांची निवृत्ति उशिरा होते. यावरून ते भारतीय स्त्रीस लागू नाहींत असें कोणी म्हणेल. पण नीट पाहिलें तर येथील निवृत्ति लवकर होत असल्यामुळें हे नियम येथें चुकतील ते सावधगिरीच्या बाजूनें. संकटाच्या बाजूनें नव्हे.

ज्यांना खरें उत्तरच हवें आहे, त्यांच्यासाठीं मूस यांचाच मार्ग उरतो. सुईला प्रवाहापासून दूर न्यावें. वैद्याच्या सल्ल्यानें संप्रेरकें थांबवून तांबी किंवा निरोध यांसारखें, ऋतुचक्रास न स्पर्शणारें साधन धरावें, आणि मग शरीराचे वेध घ्यावेत. गोळी थांबविल्यावर ऋतु सामान्यतः लवकर परततो. इंजेक्शनाचा अंमल मात्र शेवटच्या मात्रेनंतरहि कित्येक महिने टिकतो, म्हणून तेथें धीर अधिक धरावा लागतो. महत्त्वाची गोष्ट ही कीं, नवें साधन हातीं आल्यावांचून जुनें सोडूं नये. कुलाब्याचें काम बंद करण्यापूर्वीं अलिबागेंत दोन वर्षें जोडीनें वेध घेतले गेले, त्यांतील शहाणपण हेंच होतें.

यासोबत दोन इशारे विसरून चालणार नाहींत. संप्रेरकें न घेणाऱ्या अथवा तीं अनियमितपणें घेणाऱ्या चाळिशीपुढील स्त्रीची पाळी चुकली, तर ‘वयच झालें’ असें म्हणण्यापूर्वीं लघवीची साधी चाचणी करून दिवस गेलेले नाहींत ना, हें पाहून घ्यावें. आणि निवृत्ति होऊन वर्ष लोटल्यानंतर पुन्हा रक्त दिसलें, तर तो तारुण्य परतल्याचा शकुन नसून वैद्यास दाखविण्याचा इशारा आहे. क्वचित् गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असते, आणि वेळीं सांपडल्यास ती बरी होण्यासारखी असते. पांढऱ्या पदराआड ही गोष्ट लपविणाऱ्या स्त्रियांनीं आपल्या आयुष्याचीं किती वर्षें गमावलीं असतील, याची गणती कोणीं केलेली नाहीं.

कर्वे यांच्या मासिकाकडे येणारे प्रश्न छापण्यासारखे नाहींत, असें त्या काळच्या न्यायालयास वाटलें. आज तेच प्रश्न उपकेंद्रांतील नर्सबाईस किंवा आशाताईस विचारतां येतात, हा त्या लढ्याचा लाभ आहे. परंतु प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली म्हणून तो विचारला जातोच असें नाहीं. पाकीट हातीं देतांना ‘गोळी रोज घ्या’ एवढें सांगितलें जातें. ‘हिच्यामुळें तुमची जुनी खूण पुसली जाईल, तेव्हां पन्नाशीच्या आंत एकदां येऊन भेटा’ हें वाक्य सांगावयाचें राहून जातें. तें एक वाक्य सांगण्यास औषध लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. चार क्षणांचा वेळ आणि समोरच्या स्त्रीविषयीं आदर एवढेंच लागतें.

अलिबागची वेधशाळा आजहि आपलें काम करीत आहे. तिच्या इमारतींच्या बांधकामांत लोहचुंबकत्व असणारे पदार्थ वर्ज्य केलेले आहेत, कारण घराचा खिळादेखील सुईला भुलवूं शकतो. पृथ्वीच्या पोटांतील अदृश्य हालचाल जाणण्यासाठीं मनुष्यानें इतकी काळजी घेतली. त्याच किनाऱ्यावरील स्त्रीच्या शरीरांतील हालचाल जाणण्यासाठीं त्याच्या शतांशानें काळजी घेतली, तरी उद्यापनाचा दिवस पुन्हा तिला स्वतःच्याच हिशेबानें ठरवितां येईल.